मिसळ, पण क्रमाने

पुण्याच्या शिवाजीनगर भागात उंच मनोऱ्याची एक जुनी दगडी इमारत आहे. पुणेकर तिला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून या इमारतीत आले. पुढे ते दिल्लीला गेले, पण नाव मात्र पुणेकरांनी जाऊ दिले नाही. आमच्या शाळेतल्या मुलांना मी एकदा वेधशाळेतील यंत्रांबद्दल सांगत होतो, आणि ‘सर, आपणही शाळेच्या गच्चीवर असे केंद्र करू या’ असा हट्ट सुरू झाला. ही गोष्ट २०२४ च्या जून महिन्यातली. त्या केंद्राने आम्हाला हवामानाविषयी फारसे काही शिकवले नाही. संगणकाच्या भाषेविषयी मात्र एक असा धडा दिला, की तो पाठ्यपुस्तकांत का सापडत नाही याचे मला अजून नवल वाटते.

आमची सामग्री साधीच होती. हाताच्या पंजावर मावेल एवढा एक संगणक, तापमान मोजणारा एक लहानसा सेन्सर आणि एक पर्जन्यमापक. या पर्जन्यमापकात तराजूसारखी कलणारी दोन खणांची वाटी असते. एका खणात ठरावीक पाणी साचले की वाटी कलते, पाणी खाली सांडते आणि दुसरा खण भरू लागतो. वाटी किती वेळा कलली हे संगणक मोजतो. सांडलेले पाणी गच्चीभर होऊ नये म्हणून खाली आम्ही एक बाटली लावली होती. ती रोज सकाळी रिकामी करायचे काम शाळेतल्या शिपाईमामांनी आपणहून घेतले होते.

प्रोग्रॅम पायथन या भाषेत लिहायचा ठरला. ज्यांनी ही भाषा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. पेणच्या कारखान्यात एका साच्यातून पुष्कळ गणपती निघतात. पायथनमध्ये साच्याला ‘क्लास’ म्हणतात आणि त्यातून निघालेल्या मूर्तीला ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे वस्तू. फरक इतकाच, की या मूर्तीला काही कामे करता येतात. त्या प्रत्येक कामाला ‘मेथड’ असे नाव आहे. क्लासला मराठीत ‘वर्ग’ म्हणण्याची पद्धत आहे. पण मी तो शब्द वापरला की मुले बाकावर कोण कोण बसले आहे ते पाहू लागतात, म्हणून क्लासच म्हणू या.

एका मुलीने ‘तापमापक’ नावाचा क्लास लिहिला, एका मुलाने ‘पर्जन्यमापक’ नावाचा. (पायथनच्या २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून अशी देवनागरी नावे बिनदिक्कत चालतात, ‘क्लास’, ‘डेफ’, ‘रिटर्न’ हे राखीव शब्द तेवढे रोमन लिपीत लिहावे लागतात. ही सोय आपल्या शाळांतून फारशी कोणी वापरत नाही. असो.) दोघांनी आपापल्या घरी बसून काम केले. यंत्राकडून आकडा घेऊन तो आपल्यापाशी ठेवणाऱ्या मेथडला काय नाव द्यावे, असा प्रश्न दोघांनाही पडला आणि दोघांनाही तेच साधे, सरळ नाव सुचले: ‘वाच’.

मग तिसऱ्या एका उत्साही मुलाने ‘केंद्र’ नावाचा क्लास केला. एखाद्या क्लासला दुसऱ्या क्लासच्या मेथडी वारशाने हव्या असतील, तर त्याच्या नावापुढे कंसात त्या दुसऱ्या क्लासचे नाव लिहायचे असते. पायथनमध्ये कंसात एकाहून अधिक नावे लिहिता येतात. त्याने लिहिले: केंद्र, कंसात तापमापक, स्वल्पविराम, पर्जन्यमापक. आत काहीच लिहिले नाही. दोन्हीकडचे सगळे आयतेच मिळाले. अवघ्या दोन ओळींत दोन यंत्रांचे गुण एका वस्तूत आले, म्हणून तो खूश झाला. खरे सांगायचे तर मीही झालो. दर तासाला संगणक केंद्राला ‘वाच’ अशी आज्ञा देई आणि मग तापमान व पाऊस हे दोन आकडे नोंदीत उतरवी. पाऊस आरंभी शून्य धरला होता.

जुलै उजाडला. तापमानाचे आकडे छान येत होते. दुपारी चढत, रात्री उतरत. पावसाच्या रकान्यात शून्य येत होते. पहिले काही दिवस कोणी लक्ष दिले नाही. नंतर वाटीत कचरा अडकला असेल म्हणून ती दोनदा साफ केली. शून्य हटेना. २५ जुलैला पुण्यात जो पाऊस झाला तो अनेकांच्या लक्षात असेल. खडकवासल्यातून पाणी सोडले गेले, भिडे पूल पाण्याखाली गेला, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले, शाळांना सुट्टी द्यावी लागली. शाळा पुन्हा भरली तेव्हा आम्ही नोंद उघडली. त्या दिवसाच्या चोवीसही तासांपुढे पाऊस शून्य होता.

मामा दारात उभे होते. ते म्हणाले, “सर, बाटली तर रोज ओतून टाकतोय मी. परवा ती भरून वाहत होती. आणि हा म्हणतोय पाऊसच नाही?”

यंत्राचा दोष नव्हता. वाटी इमानाने कलत होती. तापमापक क्लासमध्ये चूक नव्हती, पर्जन्यमापक क्लासमध्येही नव्हती. दोन्ही वेगवेगळे चालवून पाहिले तर अचूक चालत. चूक होती ती मिसळण्यात. केंद्राला ‘वाच’ म्हटले की पायथन तापमापकाची ‘वाच’ चालवी आणि थांबे. पर्जन्यमापकाची ‘वाच’ त्या सबंध महिन्यात एकदाही चालली नव्हती. आणि याबद्दल संगणकाने एक अक्षरही काढले नाही. चुकीची सूचना नाही, इशारा नाही, काही नाही. त्या पावसाळ्यातला सर्वांत मोठा पाऊस आमच्या गच्चीवर पडला, मोजण्याजोगा पडला, आणि आमच्या हातून कायमचा निसटला. बाटलीतले पाणी मोजले असते तर निदान ढोबळ आकडा मिळाला असता. पण संगणक असताना बाटली कशाला मोजायची, असे आम्हा सर्वांनाच वाटले होते.

असे का घडले? अनेक क्लासांचा वारसा घेणाऱ्या प्रत्येक क्लाससाठी पायथन एक रांग तयार करते. रांगेत पहिला तो क्लास स्वतः. त्याच्यामागे त्याला वारसा देणारे, आणि सर्वांत शेवटी ‘ऑब्जेक्ट’ नावाचा सर्वांचा मूळ पुरुष. एखादी मेथड पुकारली की पायथन रांगेच्या पुढच्या टोकापासून विचारत जाते: हे तुझ्याकडे आहे का? ज्याच्याकडे पहिल्याने सापडेल त्याने काम करायचे. त्याच्या मागे उभे असलेल्यांना कोणी विचारत नाही, मग त्यांच्याकडे त्याच नावाची मेथड असो वा नसो. आमची रांग होती: केंद्र, तापमापक, पर्जन्यमापक, ऑब्जेक्ट. कंसात कोणाचे नाव आधी लिहिले एवढ्यावर पावसाचे नशीब ठरले. उलट लिहिले असते तर पाऊस मिळाला असता आणि तापमान गेले असते! ही रांग पाहण्याचीही सोय आहे. क्लासच्या नावापुढे टिंब देऊन ‘एमआरओ’ ही तीन अक्षरे रोमन लिपीत लिहायची आणि पुढे रिकामा कंस द्यायचा. संपूर्ण रांग छापून मिळते. आम्ही ती पाहिली असती तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. पण अशी रांग असते हेच मुलांना कोणी सांगितले नव्हते, आणि ‘कोणी’ म्हणजे अर्थातच मी.

आता मुद्द्यावर येतो. संगणकशास्त्राच्या परीक्षांत ‘एकाहून अधिक क्लासांचा वारसा म्हणजे काय? त्याचे दोन फायदे लिहा’ अशा धर्तीचे प्रश्न नेहमीचे झाले आहेत. मुले ‘पुन्हा पुन्हा लिहावे लागत नाही’ हा फायदा पाठ करून गुण मिळवतात. काही ठिकाणी याच्या अगदी उलट शिकवतात: हा प्रकारच वाईट, त्याच्या वाटेला जाऊ नका, पाहा, जावा भाषेने तो बंदच करून टाकला आहे. माझ्या मते दोन्ही शिकवणी अपुऱ्या आहेत. मिसळणे वाईट नाही. मिसळीचा क्रम ठाऊक नसताना मिसळणे वाईट. म्हणून व्याख्येच्या आधी रांग शिकवायला हवी.

जावाचे उदाहरण देणाऱ्यांना हेही सांगायला हवे, की नावे आपसांत भिडली तर काय करावे याबाबत निरनिराळ्या भाषांची निरनिराळी नीती आहे. सी प्लस प्लस अनेक क्लासांचा वारसा देते, पण दोन्हीकडे एकच नाव असेल आणि तुम्ही ते मोघम पुकारले, तर प्रोग्रॅम भाषांतरित करतानाच ती अडते. जावा एकाच क्लासचा वारसा देते. २०१४ साली तिने ‘इंटरफेस’मध्ये तयार मेथडी ठेवू दिल्या, पण त्यांतल्या दोन एकाच नावाच्या निघाल्या, तर कोणती हे तुम्हीच लिहून द्या, असे ती बजावते. पायथन बोलत नाही. नियम जाहीर आहे, रांग उघड आहे, त्यानुसार ती मुकाट्याने निवड करते. जाणत्या माणसाला ही मोकळीक फार सोयीची आहे. अजाणत्याचे मात्र आमच्यासारखे होते.

रांग लावण्याचा हा नियम आज आहे तसा आरंभापासून नव्हता. समजा, तापमापक आणि पर्जन्यमापक हे दोघेही ‘उपकरण’ नावाच्या एका सामान्य क्लासचे वारस आहेत. उपकरणात ‘तपास’ नावाची मेथड आहे. ती फक्त वीजपुरवठा आहे की नाही ते पाहते. तापमापकाला तेवढे पुरे आहे. पर्जन्यमापकाने मात्र आपली स्वतःची ‘तपास’ लिहिली आहे. ती वाटीत पान अडकले आहे का हेही पाहते. आता केंद्राला ‘तपास’ म्हटले तर कोणती चालावी? अगदी जुन्या पायथनमध्ये डावीकडच्या शाखेत टोकापर्यंत जायचे आणि मग उजवीकडे वळायचे अशी रीत होती. तिच्याप्रमाणे रांग लागे: केंद्र, तापमापक, उपकरण, मग पर्जन्यमापक. म्हणजे उपकरणाची मोघम तपासणी आधी सापडे आणि पर्जन्यमापकाची खास तपासणी मागे राही. आजोबांचा सर्वसाधारण सल्ला मिळाला म्हणून त्या विषयातल्या जाणकार काकांना विचारलेच नाही, असा हा प्रकार. २००३ साली आलेल्या पायथन २.३ या आवृत्तीपासून हे बदलले. डिलन नावाच्या भाषेसाठी काही संशोधकांनी १९९६ साली मांडलेली ‘सी-थ्री’ नावाची रीत पायथनने उचलली. तिची मुख्य पथ्ये दोन: वारस हा नेहमी आपल्या पूर्वजाच्या पुढे उभा राहील, आणि कंसात ज्या क्रमाने नावे लिहिली तो क्रम मोडला जाणार नाही. आता रांग लागते: केंद्र, तापमापक, पर्जन्यमापक, उपकरण. खास तपासणी मिळते. दोन्ही पथ्ये एकदम पाळता येणे अशक्य असेल, तर पायथन असा क्लास तयार करण्यास साफ नकार देते. म्हणजे तिला बोलता येत नाही असे नाही!

नियम आपसांत भिडले तर कोणाचा वरचष्मा, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. फ्रान्त्स कीलहॉर्न नावाचे जर्मन पंडित १८६६ ते १८८१ या काळात येथील डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवीत होते. त्या काळात त्यांनी नागेशभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथाची आवृत्ती व इंग्रजी भाषांतर सिद्ध केले. नागेशभट्ट हे अठराव्या शतकातले, काशीत राहणारे महाराष्ट्रीय पंडित. पाणिनीचे व्याकरण हे सुमारे चार हजार सूत्रांचे बनलेले आहे. एकाच शब्दाला दोन सूत्रे लागू पडली तर कोणते चालवायचे, याचा ऊहापोह त्या ग्रंथात आहे. त्यातले एक तत्त्व असे, की सामान्य नियमापेक्षा अपवाद बलवान. वारस पूर्वजाच्या पुढे उभा राहतो, हे सी-थ्रीचे पहिले पथ्य त्याच जातीचे आहे. दोन सूत्रे सारख्या बळाची असतील तर ग्रंथात नंतर येणारे जिंकते, असे परंपरा सांगते. येथे पायथन नेमकी उलट आहे. तिच्यात आधी लिहिलेला जिंकतो. ऋषी राजपोपट यांनी २०२२ साली केंब्रिजच्या आपल्या प्रबंधात तर असे मांडले, की पाणिनीला ‘ग्रंथात नंतरचे’ असे म्हणायचेच नव्हते, ‘शब्दात उजवीकडच्या भागाला लागणारे’ असे म्हणायचे होते. सगळ्या पंडितांना ते मान्य नाही. यावरून पायथन ही पाणिनीनेच शोधून ठेवली होती, असा निष्कर्ष कृपया कोणी काढू नये. मला एवढेच दिसते, की जेथे नियम पुष्कळ आणि बाहेर काढायचे उत्तर एक, तेथे क्रमाचा नियम लागतोच.

वारशाने एकत्र केलेल्या अशा लहान लहान क्लासांना इंग्रजीत ‘मिक्सिन’ हा शब्द आहे. त्याची जन्मकथा गमतीची आहे. अमेरिकेत बॉस्टनजवळ सॉमरव्हिल येथे स्टीव्ह हेरेल यांनी १९७३ साली आइस्क्रीमचे दुकान काढले. गिऱ्हाईक समोर उभे असताना आइस्क्रीममध्ये सुकामेवा, बिस्किटे, चॉकलेटचे तुकडे घोळून देण्याची तेथे पद्धत होती. जवळच एमआयटी ही संस्था आहे. तेथल्या संगणकवाल्यांनी लिस्प भाषेसाठी वस्तू घडवण्याची एक व्यवस्था केली, तिला ‘फ्लेवर्स’ असे नाव दिले आणि वरून घोळायच्या गुणांना ‘मिक्सिन’. सर्वांच्या मुळाशी असलेल्या साध्या क्लासला ते ‘व्हॅनिला’ म्हणत. हीच मंडळी पुण्यात असती तर शब्द आयताच मिळाला असता: मिसळ. आणि तो अधिक नेमका ठरला असता, कारण मिसळीला क्रम लागतो. खाली उसळ, वर फरसाण, मग रस्सा, कांदा, लिंबू. फरसाणावर रस्सा ओतून ताटली पाऊण तास तशीच ठेवली तर जिन्नस तेच राहतात, पण मिसळ राहत नाही, लगदा होतो.

मग आमच्या केंद्रात दोन्ही ‘वाच’ चालवायच्या कशा? एक मार्ग ‘सुपर’ या शब्दाचा. पुष्कळ जण, अगदी शिकवणारेसुद्धा, ‘सुपर म्हणजे बाप’ असे सांगतात. येथेच घोटाळा होतो. सुपर म्हणजे ‘रांगेतला माझ्यामागचा’. तापमापकाने आपल्या ‘वाच’ मध्ये आधी ‘सुपरची वाच’ चालवावी, तिच्याकडून नोंदीचा कागद घ्यावा, त्यावर तापमान लिहावे आणि कागद पुढे द्यावा. पर्जन्यमापकानेही तसेच करावे. उपकरणाने फक्त कोरा कागद द्यावा. कारण त्याच्यामागे ऑब्जेक्ट उभा आहे आणि त्याला ‘वाच’ येत नाही. आता केंद्राला ‘वाच’ म्हटले की मागणी तापमापकाकडे जाते, तो मागच्या पर्जन्यमापकाला विचारतो, तो उपकरणाला. कोरा कागद निघतो, त्यावर पाऊस चढतो, मग तापमान चढते. यातली मौज पाहा. तापमापक लिहिणाऱ्या मुलीला पर्जन्यमापक नावाचे काही आहे हे ठाऊकसुद्धा नव्हते, तरीही तिचा क्लास त्याला विचारून आला. ती तापमापकाची वस्तू एकटी तयार करील तेव्हा त्याच ओळीतला सुपर थेट उपकरणाकडे जाईल. ओळ तीच, रांग बदलली की अर्थ बदलतो. रेमंड हेटिंगर यांनी २०११ साली सुपरवर एक लेख लिहिला, त्यात त्यांनी या परस्परसहकार्याची बाजू हिरिरीने मांडली आहे. योगायोग असा, की ‘पायकॉन इंडिया’ ही पायथनवाल्यांची परिषद त्याच वर्षी पुण्यात भरली होती.

सुपरची साखळी मात्र एकाही दुव्याने हयगय केली तर तेथेच तुटते. वस्तू तयार होतानाची मांडणीही याच रांगेने चालते. पहिल्याने मागच्याला हाक मारली नाही, तर दुसऱ्याची मांडणी होतच नाही.

आम्ही साखळी लिहून पाहिली, ती चालली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि नंतर मी ती काढून टाकायला सांगितली. याचे कारण वेधशाळेतच सापडले. वेधशाळेच्या आवारात पायांवर उभी असलेली, झडपांच्या भिंतींची एक पांढरी पेटी असते. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. (ती ज्यांनी योजली ते थॉमस स्टीव्हन्सन म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीच्या लेखकाचे वडील.) त्या पेटीत सहसा चार तापमापक असतात: कोरडा, ओला, कमाल आणि किमान. आता पेटी हा एक तापमापक आहे, असे कोणी म्हणेल का? पेटीत तापमापक आहेत. ‘आहे’ आणि ‘जवळ आहे’ यांतला हा फरक मराठीत लहान मुलालाही कळतो. प्रोग्रॅम लिहिताना मात्र मोठी माणसे तो विसरतात. आमचे केंद्र हे तापमापक नव्हते आणि पर्जन्यमापकही नव्हते. त्याच्याजवळ ती दोन यंत्रे होती. दोन ओळी वाचवण्याच्या नादात आम्ही ‘जवळ आहे’ चे ‘आहे’ केले होते. आता केंद्राच्या पोटात दोन वेगळ्या वस्तू ठेवल्या आहेत आणि केंद्राची स्वतःची ‘वाच’ आहे. तिच्यात पहिल्याला विचार, दुसऱ्याला विचार, असे स्पष्ट लिहिले आहे. चार ओळी जास्त झाल्या. कोणाची ‘वाच’ आधी हा प्रश्नच उरला नाही.

मग वारशाची मिसळ कोठे शोभते? जेथे मिसळायची गोष्ट ही स्वतंत्र वस्तू नसून एखादी लहानशी सवय असते, तेथे. आम्ही ‘नोंदवही’ नावाचा एक छोटा क्लास केला आहे. त्याला स्वतःचे काहीच मोजता येत नाही. ‘वाच’ म्हटले की तो मागच्याची ‘वाच’ चालवतो आणि आलेला आकडा वेळेसह टिपून ठेवतो. तो पर्जन्यमापकात मिसळा, तापमापकात मिसळा, उद्या वायुभारमापक आणला तर त्यात मिसळा. कंसात मात्र नोंदवही आधी आणि यंत्र मागे. उलट लिहिले की यंत्रच उत्तर देऊन मोकळे होते आणि टिपण होत नाही. पायथनबरोबर येणाऱ्या सामग्रीतसुद्धा हेच दिसते. एकाच वेळी अनेकांची मागणी हाताळण्याची सवय सर्व्हरला लावणारा एक मिक्सिन तेथे आहे, आणि तो कंसात पहिला लिहावा, असे पायथनचे माहितीपत्रक बजावते. तेथेच क्रमवार यादीसाठी असा एक क्लास आहे, की ‘लांबी सांग’ आणि ‘अमुक क्रमांकाचा घटक दे’ एवढ्या दोन मेथडी तुम्ही लिहिल्या, की शोधणे, मोजणे, उलटे फिरणे अशा आणखी पाच फुकट मिळतात. याला मी खरी काटकसर म्हणतो.

आणखी एक प्रकार मुलांना फार आवडतो, तो म्हणजे कलम. क्लासला हात न लावता एखाद्याच वस्तूवर दुसऱ्या क्लासची मेथड चिकटवायची. आंब्याच्या रोपावर जशी दुसऱ्या जातीची फांदी बांधतात तसे. पायथन ३ मध्ये हे सहज जमते. मेथडला लागणारी सामग्री त्या वस्तूजवळ असली म्हणजे झाले. प्रयोगाला हे ठीक आहे. पण वर्षानुवर्षे नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मी ते करू देणार नाही. साचा पाहून मूर्ती ओळखता येत नसेल, तर पुढच्या वर्षीच्या मुलांनी चूक शोधायची कोठे? शिवाय कलम सगळीकडे लागत नाही. ‘लांबी किती’ यासारखे प्रश्न पायथन वस्तूला न विचारता थेट तिच्या क्लासला विचारते; वस्तूवर बांधलेली फांदी तेथे दिसतच नाही.

शिक्षक मित्रांना माझी एक विनंती आहे. या विषयावर व्याख्या विचारणे एक वर्षभर बंद करून पाहा. त्याऐवजी असा प्रश्न घाला: ‘अ’ क्लासच्या कंसात तापमापक, पर्जन्यमापक. ‘ब’ क्लासच्या कंसात पर्जन्यमापक, तापमापक. ‘क’ क्लासच्या कंसात अ, ब. ‘क’ ची रांग कागदावर लिहा. मुलांना दहा मिनिटे द्या आणि मगच संगणक चालू करू द्या. उत्तर मी येथे देत नाही. वरची दोन पथ्ये ज्याने नीट वाचली त्याला ते सुटेल.

आमचे केंद्र आता व्यवस्थित चालू आहे. मामांची बाटलीही आहे. हवामान खाते सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस धरते, म्हणून मामा आता साडेआठच्या ठोक्याला गच्चीवर जातात, बाटलीतले पाणी मोजपात्राने मोजतात, आकडा जिन्याजवळच्या फळ्यावर खडूने लिहितात आणि मग बाटली ओततात. संगणकाचा आकडा शेजारी लिहायला मुलगे-मुली आळीपाळीने येतात. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर मामा वर्गाच्या दारात येऊन उभे राहतात.